रात्रपाळीचा तक्ता : झोप आणि स्मृतीच्या एका प्रयोगशाळेतलं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातलं आहे. माणसांची नावं बदलली आहेत, गावं गाळली आहेत. ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांनी मजकूर वाचून होकार दिला, दोन ठिकाणी दुरुस्त्याही सुचवल्या आणि त्या मी केल्या. मी या विभागात शिकवते आणि या अभ्यासात सहसंशोधक होते. रात्रपाळीच्या वेळापत्रकावर सरांच्या सहीखाली माझी सही आहे, हे आधीच सांगून ठेवते.

प्रयोगशाळा म्हणजे जुन्या इमारतीच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या. एकीत पलंग, जाड पडदे आणि डोक्याशी तारांचा डबा. दुसरीत संगणक, त्यावर रात्रभर सरकणाऱ्या मेंदूलहरींच्या रेषा आणि एक प्लास्टिकची खुर्ची. वातानुकूलन नाही. त्यामुळे झोपेचा कुठलाही अभ्यास डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांतच उरकावा लागतो. मार्च लागला की त्या खोलीत कुणालाच नीट झोप लागत नाही.

प्रश्न जुनाच होता. रात्री पाठ केलेलं झोपेनंतर जास्त टिकतं का? १९२४ साली जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी कॉर्नेल विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांवर हे तपासलं होतं. निरर्थक अक्षरजोड पाठ करून झोपल्यावर विसरणं कमी होतं, जागं राहिल्यावर जास्त, असं त्यांना दिसलं. नंतर १९५३ साली अॅसरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी डोळे भिरभिरण्याची झोप दाखवली आणि झोप म्हणजे सलग अंधार नव्हे, तिचे टप्पे आहेत, हे रुजलं. आम्हाला हेच मराठीत, आमच्या मुलांवर, टप्प्यांच्या नोंदीसह बघायचं होतं.

त्यासाठी शब्दजोड्यांच्या दोन याद्या केल्या, अ आणि ब, प्रत्येकी ४० जोड्यांच्या. बारव आणि कंदील, तिफण आणि आरसा, पोळपाट आणि डोंगर. इंग्रजी याद्यांचं भाषांतर करून बघितलं होतं, पण त्यातले होडी-किनाऱ्याचे शब्द जालना-परभणीकडच्या मुलांना फक्त पुस्तकातले वाटतात. याद्या जुळवायला आमचे चार महिने गेले. त्या कामाचा मला आजही अभिमान आहे.

प्रत्येक स्वयंसेवक दोनदा यायचा. एकदा रात्री ९ वाजता यादी पाठ करून इथेच झोपायचा आणि सकाळी ९ वाजता परीक्षा द्यायचा. दुसऱ्या खेपेला सकाळी ९ वाजता दुसरी यादी पाठ करायची, दिवसभर आपली कामं करायची आणि रात्री ९ वाजता परीक्षा. आधी झोप की आधी जाग आणि आधी अ की आधी ब, हे तक्त्यावरून ठरलेलं असायचं. एकूण २४ स्वयंसेवक घ्यायचे होते.

माणसं चार. विभागप्रमुख सर, मी, पीएचडी करणारा माधव आणि एमएच्या दुसऱ्या वर्षाची ज्योती. पाचवे शिपाई मामा. कागदोपत्री त्यांचा अभ्यासाशी संबंध नव्हता, पण तारा चिकटवायला केसांत लावलेली पेस्ट सकाळी धुवायला गरम पाण्याची बादली तेच ठेवत. वसतिगृहात टँकर एक दिवसाआड येतो, तिथे मुलांनी डोकं धुवायचं कसं?

माधवचं काम सगळ्यात अवघड होतं. मुलं सांगूनही खोबरेल लावून येतात. मग गॉझने टाळू घासायची, मोजपट्टीने जागा काढायच्या, एकेक इलेक्ट्रोड पेस्टने बसवायचा आणि तिथला विजेला होणारा विरोध ५ किलोओहमच्या खाली येईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबून बघायचं. हे त्याच्याइतकं सफाईने आमच्यापैकी कुणालाच जमत नव्हतं. म्हणून हळूहळू सगळ्या रात्री त्याच्याकडे गेल्या. सुरुवातीला आठवड्याला ३, मग ४, जानेवारीत ५. सकाळी पावणेदहाला तो इथून निघायचा, एसटीने तालुक्याच्या कॉलेजवर जायचा, तिथे तासिका तत्त्वावर शिकवायचा आणि संध्याकाळी परत. फेलोशिपचा हप्ता वेळेवर येत नव्हता, त्यामुळे तासिका सोडणं त्याला शक्य नव्हतं. हे आम्हाला माहीत होतं.

अडचण कशी उघडी पडली

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात माधवच्या घरी लग्न होतं, म्हणून त्या रात्री ज्योती बसली. स्वयंसेवक बीएस्सीचा, दुसऱ्या खेपेला आलेला. तारा लावून झाल्या. त्याला संगणकासमोर बसवून ब यादी सुरू केली. सहा-सात जोड्या झाल्या आणि तो म्हणाला, “ताई, ह्या तर मागच्या खेपेच्याच हायत की.”

ज्योतीने तक्ता बघितला. मागच्या खेपेला अ यादी, असं माधवच्या अक्षरात स्वच्छ लिहिलेलं. तिने मुलाला पुढची जोडी विचारली, त्याने ती न दाखवताच सांगितली. मग तिने मला फोन केला.

पहिला निर्णय तिथेच घ्यावा लागला. सत्र थांबवायचं यात शंका नव्हती. पण डोक्याला तारा लावलेल्या मुलाचं काय करायचं? वसतिगृहाचं फाटक १० वाजता बंद होतं. मी ज्योतीला सांगितलं, तारा काढ, त्याला इथेच झोपू दे, सकाळी ठरलेलं मानधन पूर्ण दे आणि चूक आमची आहे हे त्याला सांग. तो मनमोकळा मुलगा होता. त्याने तोंड उघडलं नसतं तर हे कधी कळलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि ज्योतीने फायली काढल्या. तोवर ३१ सत्रं झाली होती. संगणक निकालाच्या फायलीत यादीचं नाव आणि वेळ आपोआप लिहितो, कागदी तक्ता माणूस भरतो. दोन्ही शेजारी ठेवून एकेक सत्र ताडून बघितलं. ३ सत्रांत कागदावर अ आणि संगणकात ब, किंवा उलट. आणखी एका सत्राची फाइल त्याच नावाने दुसरी फाइल साठवल्यामुळे पुसली गेली होती. तिथे कोणती यादी दिली हे कळायला कागदाशिवाय काही उरलं नव्हतं, आणि कागदावरचा आमचा विश्वास त्या सकाळीच उडाला होता.

त्याचं कारण ज्योतीच्या लक्षात आलं. रात्री साधारण दर अर्ध्या तासाने रेषांची स्थिती, सुटलेली तार, स्वयंसेवक उठला-बसला असं लिहायचं असतं. ज्योतीच्या स्वतःच्या तक्त्यांवर पेस्टचे वाळलेले पांढरे डाग होते, वेळा वेड्यावाकड्या होत्या, १२.३४, १.०७, १.४१. माधवचे डिसेंबरातले तक्तेही तसेच होते. जानेवारीतले मात्र कोरे-करकरीत, १२.३०, १.००, १.३०, एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरक्या ओघात, खाडाखोड नाही. ते सकाळी एका बैठकीत आठवून भरलेले होते.

आणि यादीच्या तिन्ही चुका सकाळी ९ च्या सत्रांतल्या निघाल्या. एका मुलाला रात्रभर झोपवून, उठवून, त्याची परीक्षा घेऊन, लगेच दुसऱ्या मुलाला दिवसाच्या सत्रासाठी बसवायचं, आणि हे करणारा माणूस आदल्या सकाळपासून जागा. १९९७ साली डॉसन आणि रीड यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं होतं की १७ तास जागरणानंतर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतकी घसरते. २००३ मधल्या व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात १४ दिवस रोज ६ तास किंवा त्याहून कमी झोप मिळालेल्यांची कामगिरी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी खालावली, आणि आपण खालावलोय याची त्यांना फारशी जाणीवच नव्हती. हे दोन्ही निबंध मी एमएच्या वर्गात दरवर्षी शिकवते.

माधव तिसऱ्या दिवशी परतला. मी त्याला विभागात न बोलावता कॅन्टीनमध्ये बसवलं आणि तक्ते पुढे ठेवले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मॅडम, मी झोपलो नव्हतो. पण जागा होतो असंबी म्हणता यायचं नाही. रेषा दिसायलेल्या असतात, हात काय करायलाय ते कळत नाही.” यादी चुकल्याचं त्याला खरोखरच माहीत नव्हतं. तक्ते मागाहून भरले हे मात्र त्याने लगेच कबूल केलं. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, “विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

त्याचं बरोबर होतं. आम्ही स्वयंसेवकाला दर सत्राआधी १ ते ९ च्या श्रेणीवर ‘आत्ता किती झोप येतेय’ हे विचारत होतो. नियंत्रण खोलीतल्या माणसाला कुणीच विचारत नव्हतं.

समोरचे पर्याय

सरांचं पहिलं मत होतं, संगणकाप्रमाणे कागद दुरुस्त करा, बिघडलेले स्वयंसेवक बदला, पुढे चला. ते वाईट हेतूने बोलत नव्हते. फेब्रुवारीअखेरपर्यंतचे पाच आठवडे हातात होते, नंतर उन्हाळा आणि परीक्षा. थांबलो तर वर्ष गेलं, आणि त्याबरोबर माधवचा प्रबंधही.

मीही एका क्षणी तिकडे झुकले होते. पण एक गोष्ट मला सोडवत नव्हती. चुकलेल्या तीनपैकी एका मुलाची दोन्ही सत्रं होऊन गेली होती, दोन्ही वेळा एकच यादी, आणि दुसरी वेळ झोपेची. सकाळी त्याने ४० पैकी ३८ जोड्या सांगितल्या होत्या. विभागाच्या चर्चासत्रात मी त्याचाच आलेख पडद्यावर दाखवून ‘झोपेचा परिणाम बघा’ म्हटलं होतं. तो परिणाम झोपेचा नव्हता, यादी दोनदा पाठ केल्याचा होता. त्याला नंतर विचारलं, तू बोलला का नाहीस? तो म्हणाला, “मला वाटलं तुमची परीक्षाच तशी असंल.”

म्हणजे चूक आमच्या मताच्या बाजूने पडली तेव्हा कुणी तपासलं नाही. हे सरांपुढे ठेवल्यावर चर्चेचा सूर बदलला.

दुसरा पर्याय माधवकडून रात्रीचं काम काढून घेण्याचा. सर त्याच्याकडून लेखी खुलासा मागवणार होते. माझा विरोध होता. एकट्याचा खुलासा फायलीत गेला की प्रकरणाचा दोष त्याच्या नावावर बसतो आणि वेळापत्रक तसंच राहतं. शिवाय रात्री कोण बसणार होतं? ज्योती एकटी? मग फेब्रुवारीत तिचे तक्तेही करकरीत झाले असते.

तिसरा पर्याय सगळं थांबवून, तपासून, नीतिसमितीला कळवून पुढे जायचं की नाही ते ठरवण्याचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मंजूर आराखड्यापासून फरक पडला तर समितीला कळवायचं असतं. समितीसमोर पुन्हा जायला सरांना संकोच होता, कारण विभागाचा हा पहिलाच रात्रीचा अभ्यास आणि मंजुरी मुश्किलीने मिळालेली. दोन दिवस या एकाच मुद्द्यावर आमचं बोलणं चाललं, एकदा आवाजही चढले. शेवटी सरच म्हणाले, “उद्या दुसऱ्या कुणी शोधून काढण्यापेक्षा आपण लिहू.”

काय केलं

अभ्यास थांबवला. खुलासा एकट्या माधवकडून न घेता चौघांनी आपापली हकीकत लिहून दिली. माझ्या पानावर मी लिहिलं की जानेवारीच्या पाच रात्रींच्या वेळापत्रकावर मी न वाचता सही केली. मामांनाही विचारलं. ते म्हणाले, “पोरगं सकाळी बादलीत हात घालून उभंच राहायचं, पाणी गार होईस्तोवर.” ही माहिती महिनाभर आमच्या दारात होती.

पुसलेल्या फायलीच्या सत्राचं काय करायचं, हा खरा अवघड प्रश्न होता. त्याचा निकाल बघून ठरवलं असतं तर आपल्याला हवं तेच ठेवण्याचा मोह झाला असता. म्हणून संख्याशास्त्र विभागातल्या एका सहकाऱ्यांना फक्त नोंदींची स्थिती सांगितली, गुण दाखवले नाहीत, आणि नियम त्यांच्याकडून लिहून घेतला : यादी संगणकावरून सिद्ध होत नसेल तर त्या स्वयंसेवकाची दोन्ही सत्रं बाद, मग गुण कसेही असोत. त्या नियमाने तो स्वयंसेवक गेला. तक्रार केलेला मुलगा आणि ३८ जोड्यांवाला मुलगा हे दोघंही गेले. चौथ्या मुलीचं एकच सत्र झालं होतं आणि तिला कोणती यादी मिळाली हे संगणकात पक्कं होतं, तिला दुसऱ्या खेपेला उरलेली यादी द्यायची ठरली.

झोपेचे टप्पे ठरवण्याचं कामही तपासलं. रात्रीची नोंद ३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचतात. ८ तासांचे ९६० तुकडे होतात, आणि प्रत्येकाला जाग, हलकी झोप, गाढ झोप किंवा स्वप्नझोप (तीच डोळे भिरभिरण्याची झोप) असं लेबल द्यायचं असतं. तुकड्याचा पाचवा भाग, म्हणजे ६ सेकंद, मोठ्या संथ लहरींनी भरला की ती गाढ झोप. सीमारेषेवर दोन जाणती माणसंही वेगळं वाचतात. जानेवारीच्या रात्री माधवने जागरणानंतर त्याच दिवशी वाचल्या होत्या. त्या सगळ्या ज्योतीने लेबलं झाकून पुन्हा वाचल्या. जिथे मतं जुळली नाहीत तिथे दोघांनी शेजारी बसून निकाल लावला.

हे करताना एक गोष्ट बाहेर आली, जी माधवशिवाय कुणाला कळली नसती. एका मुलाच्या रात्रीत गाढ झोप फारच जास्त होती. ज्योतीला वाटलं वाचण्यात चूक आहे. माधव म्हणाला, चूक नाही, हा मुलगा शनिवार-रविवार गावाकडे हरभऱ्याला पाणी द्यायला गेला होता. लाईट रात्रीची होती, दोन रात्री दारं धरून आला आणि सोमवारी इथे झोपला. थकलेला मेंदू गाढ झोप भरून काढतो, हे शास्त्रात जुनं आहे. पण आमच्या झोपेच्या रोजनिशीत ‘किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात’ एवढंच होतं. मुलाने ‘झोपलो नाही’ लिहायचं कुठे? त्याने सवयीच्या वेळा लिहून टाकल्या होत्या. मराठवाड्यात रब्बीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या पोरांवर झोपेचा अभ्यास करायचा आणि शेतीपंपाच्या विजेची पाळी विचारायची नाही, ही आमची दुसरी चूक. माधव शेतकरी घरातला, त्याने मुलाशी गप्पा मारताना हे ऐकलं होतं. नोंदवायला रकाना नव्हता म्हणून ते त्याच्या डोक्यातच राहिलं.

त्यानंतर माधवला ठेवायचं की नाही ही चर्चा सरांनी पुन्हा काढली नाही.

नीतिसमितीला दोन पानांचं पत्र गेलं. समितीने तीन प्रश्न विचारले. त्यातला तिसरा, रात्री काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या विश्रांतीची व्यवस्था काय, याला द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हतं. ते तयार करून पाठवलं, मग पुढच्या हिवाळ्यासाठी परवानगी आली.

काय झालं

तो हिवाळा वाया गेला. स्वयंसेवकांचा आकडा २४ पर्यंत पोचला नाही, माधवला प्रबंधासाठी मुदतवाढ घ्यावी लागली आणि चर्चासत्रातला तो आलेख मी त्याच श्रोत्यांपुढे उभं राहून मागे घेतला. ते बोलताना घसा कोरडा पडला होता. पण मागच्या रांगेतल्या एका विद्यार्थिनीने नंतर येऊन स्वतःच्या नोंदींतली एक चूक सांगितली, त्याचं मोल मला मोठं वाटतं.

पुढच्या डिसेंबरात नव्या पद्धतीने सुरुवात झाली. रात्री दोघं, आळीपाळीने जागे. एका माणसाला आठवड्यात २ रात्रींच्या वर नाहीत, त्याही लागोपाठ नाहीत. रात्री बसलेल्याने सकाळी ९ चं सत्र घ्यायचं नाही, ते मी किंवा सर घेतो. यादी आता हाताने निवडायची नाही, स्वयंसेवकाचा क्रमांक टाकला की संगणक ठरल्याप्रमाणे उघडतो. रोजनिशीत ‘गेल्या तीन रात्रींत शेतात, कामावर, प्रवासात जागलात का’ हा रकाना आला. आणि रात्रपाळीच्या तक्त्यात बसलेल्या माणसाने दर दोन तासांनी स्वतःची झोप १ ते ९ वर लिहायची, ७ च्या वर गेली की दुसऱ्याला उठवायचं. पहिल्याच आठवड्यात ज्योतीच्या अक्षरात नोंद आहे : ‘३.१०, श्रेणी ८, माधवदादाला उठवलं.’ त्या ओळीवर पेस्टचा डाग आहे.

आज पुन्हा करायचं तर

पहिली गोष्ट, दोन-तीन रात्रींची कोरडी तालीम. यादी हाताने निवडण्यातला धोका सरावातच दिसला असता. तारा लावणं नीट जमतं ना एवढंच आम्ही बघितलं.

दुसरी, कागद आणि संगणक दर शनिवारी ताडून बघायला हवे होते. पहिली चूक १० जानेवारीच्या आत झाली होती. आठवड्याची ताडणी असती तर एका स्वयंसेवकावर भागलं असतं.

तिसरी, एखाद्याचा हात चांगला आहे म्हणून सगळं काम त्याच्याकडे सरकतं, तेव्हा त्याचं कौतुक करत बसण्याऐवजी इतरांना शिकवायला वेळ काढायला हवा होता. ज्योतीला इलेक्ट्रोड बसवायला शिकवलं ते डिसेंबरात, आणि तेही माधवने स्वतःहून.

पैशाची बाजू मात्र आम्ही अजून सोडवू शकलेलो नाही. माधवला रात्रीमागे मानधन मिळायचं. पाच रात्रींच्या दोन झाल्या, तसं मानधनही निम्म्याखाली आलं, आणि त्याने कॉलेजात आणखी दोन तासिका घेतल्या. त्याची झोप वाचवायला केलेल्या नियमाने त्याचा दिवस लांबला. रात्रीचं मानधन वाढवावं आणि दुसऱ्या दिवशीची दुपार कामाचा भाग धरून त्याचेही पैसे द्यावेत, असा प्रस्ताव सरांनी आणि मी वित्त विभागाकडे दिला आहे. त्यावर दोनदा शंका निघाल्या, दोनदा उत्तरं दिली. या महिन्याच्या बैठकीत तो पुन्हा येणार आहे आणि मी स्वतः तिथे बसणार आहे.